डोळा कसा गेला

रात्री सव्वा वाजता शो सुटला
तेव्हा सीवूड्सच्या मॉलमधला सरकता जिना बंद होता.
बंद सरकत्या जिन्यावर पाय फसतात,
आता हलेल, आता हलेल, असं गुडघ्यांना वाटत राहतं.
ओवेस म्हणाला, पिक्चरही असाच होता.

तिथून भुर्जीच्या गाडीपर्यंत
आम्ही भांडतच गेलो.
वीस वर्षं, सुखदा म्हणाली,
वीस वर्षं आपण त्या माणसाचा एक डोळा सांभाळला.

खरंच सांभाळला.
कोपरखैरण्याच्या सीडी लायब्ररीतून
दहा रुपये रोजाने आणलेला पहिला भाग,
हिंदीत बोलणारे परग्रहवासी,
आणि नवव्या तळावर दिवा राखणारा म्हातारा ऑस्क.
पोरगा विचारतो, डोळा कसा गेला?
ऑस्क हसतो.
कंदील मालवतो.
पुढे नुसता काळोख, आणि चरचरणारी सीडी.

त्या काळोखात काय काय भरलं आम्ही!
ओवेसच्या मते डोळा त्यानेच काढून दिला होता,
इंधनाच्या बदल्यात.
सुखदाने भूगोलाच्या वहीत मागच्या बाजूने
अकरा पानं लिहिली होती:
बहीण, बंड, काचेचं वादळ.
मी म्हणायचो, त्याने असं काही पाहिलं
जे दोन डोळ्यांनी पाहायचं नसतं.
(सतरा वर्षांचा होतो. सुचायची अशी वाक्यं.)

आणि आता हा 'आरंभ',
मालिकेच्या आधीची कथा म्हणे, सव्वादोन तासांची,
त्यात कोवळा ऑस्क, दात पांढरेशुभ्र,
जहाजाच्या पोटात वेल्डिंग करतोय
आणि चष्मा लावलेला नाही.
ठिणगी उडते.
झालं.

ह्याच्यासाठी साडेतीनशे रुपये?
ओवेसने पावाचे दोन तुकडे केले, लेखकाचे केल्यासारखे.
प्रत्येक गोष्टीला कारण कशाला लागतं ह्यांना?
पुढच्या भागात कंदिलाची पावती दाखवतील,
जीएसटीसकट.

रूपेश अजून बोलला नव्हता.
रूपेश तांडेल, दिवाळे गावचा,
आमच्यातला सगळ्यात कट्टर,
ज्याच्या बाइकच्या टाकीवर अजून तो कंदील रंगवलेला आहे.
कांदा बाजूला सारत म्हणाला,
मला आवडला.

तवा तेवढा बोलत राहिला.

बाबांचं बोट कसं गेलं, माहितीये?

माहीत होतं की.
त्याच्या घरी जेवायला बसलं
की बाबा उरलेलं अर्धं बोट नाचवायचे:
माजा बोट जिताऱ्यानी खाल्ला!
मासा दरवेळी हातभर वाढायचा.
शेवटी शेवटी तो होडीत मावत नव्हता.

रबाळ्याला प्रेस मशीन होतं, रूपेश म्हणाला.
नाइट शिफ्ट. माल जास्त निघावा म्हणून
सेन्सर काढून ठेवलेला.
कंपनीने अकरा हजार दिले, त्यात फ्रिज आला.
बाबा गेल्यावर त्याच फ्रिजच्या वर, पिशवीत, कागद सापडला.
उजवी तर्जनी, दोन पेरं.
खाली बाबांची सही, डाव्या हाताची.

भुर्जी थंड झाली होती. कोणीतरी मीठ मागितलं,
बहुतेक मीच.

मग, ओवेस म्हणाला,
जरा थांबून म्हणाला,
मग तो जिताडा?

तो आहे ना. मी पोरीला सांगतो.
आता वाशीच्या पुलाएवढा झालाय.

असं कसं, सुखदा एकदम उसळली,
म्हणजे तू पोरीला कंदील मालवूनच सांगतोस,
आणि आम्ही मात्र वेल्डिंग बघायचं?
रूपेश हसला.
ऑस्कसारखा नाही. त्याच्या बाबांसारखा, एका गालाने.

संगीत तरी भयाण होतं, मी म्हणालो.
ते होतंच, तो म्हणाला.
एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं,
आणि पैसे कोण देणार ह्यावरून पुन्हा मोडलं.

निघताना रूपेशने हेल्मेट घातलं,
काच खाली ओढली,
पुन्हा वर केली,
पुन्हा खाली ओढून बोटाने दाबून बघितली.