पांढरी कांडी

हणबर सर म्हणाले, आरसा बघा.
चेहऱ्याची बाह्यरेषा काढा, तिचे तुकडे पाडा,
प्रत्येक तुकड्यात वेगळी नक्षी.
एक कोपरासुद्धा कोरा ठेवायचा नाही.

आठवी ब. खिडकीबाहेर विट्याचं ऊन
आणि पलीकडच्या शेडमधले माग,
जे आम्हाला ऐकू येत नाहीत,
बंद पडले की ऐकू येतात.

प्रज्वलनं नाकापासून कानापर्यंत पट्टीनं रेघ मारली,
खोडली, पुन्हा मारली.
आफ्रीननं कपाळावर मेंदीच्या कोनासारख्या वेली सोडल्या.
सगळे विचारत होते, सर, कुठं तोडायचं?

मला विचारावं लागलं नाही.
माझ्या चेहऱ्यावर हद्दी आधीच आखलेल्या.
डाव्या डोळ्याभोवती एक, तळ्यासारखी.
ओठाच्या कडेला एक, तिला दिवाळीपासून फाटा फुटलाय.
हनुवटीवरची सगळ्यांत जुनी, तिसरीतली,
आई ती दुधाची समजून
पदरानं पुसायची.

आरसा बाबांच्या गाडीचा, निखळलेला.
त्यात मी जरा लांबची दिसते.

गव्हाळ भागात मी घरचं भरलं.
टॉवेलची चौकट, लुंगीचा काठ,
उभा ताणा, आडवा बाणा,
आणि तुटलेलं सूत दोन बोटांत धरून
बाबा मारतात ती गाठ,
भुवईच्या वर, एकच.

मग पांढरं.
पांढरी कांडी कुणाच्याच डबीत झिजत नाही.
कागद पांढराच, तिचं करायचं काय?
मी मागितल्या तर सगळ्यांनी दिल्या,
लांबच्या बाकांवरून फेकून.
अकरा झाल्या.
आई कारखान्यात दिवसभर कांड्या भरते,
तिला सांगितलं तर हसेल,
अकरा म्हणजे काहीच नाही.

पांढऱ्यावर पांढरं काढताना
काय काढतोय ते फक्त मनगटाला कळतं.
डोळ्याभोवती मी गोल गोल गेले, सूत जातं तशी.
ओठापाशी माशाचे खवले.
हनुवटीवर काय काढलं ते सांगणार नाही.

तास संपता संपता सर आले.
कागद बघितला, माझ्याकडं बघितलं नाही.
लाल शाईचं पेन काढून डोळ्याजवळ लिहायला लागले,
जागा को—
शाई टेकेना.
थेंब थेंब होऊन गोळा झाली.
पेन झटकलं, फरशीवर टिपका पडला,
पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं.

सरांनी बोट फिरवलं.
मग कागद उचलून खिडकीकडं तिरका धरला
आणि घंटा झाली तरी
तसाच धरून राहिले.

मागच्या बाकावरून प्रज्वल ओरडला,
ए, माझी पांढरी परत दे.