तासांचा रकाना

स्वान्सीत, वकिलाच्या जिन्यावर
नेरिस थांबली, दम घ्यायला.
फाइल आता जाड झालीय:
तीन भेटी, तिन्ही वेळा 'पित्त',
चौथा कागद शवविच्छेदनाचा,
'महाधमनी फाटलेली'.

वकीलबाई हळूच विचारतात,
इदवल घरात आठवड्याला
किती तास काम करायचे?
त्याचाही दर लावता येतो.

ती आठवू लागते.
कुंपण छाटणं, दोन.
भांडी, कधीमधी.
रात्री गोळी चघळत म्हणायचा,
"डॉक्टर म्हणतात ना पित्त, मग पित्तच,"
आणि तिला झोप लागावी म्हणून
भिंतीकडे तोंड करून
झोपल्याचं सोंग घ्यायचा.
ते धरायचे का?

खिडकीखाली गोदीत भरती चढतेय.

"दोनच लिहा," ती म्हणते.
मग, "थांबा. नका लिहू अजून."