शेरा

रकाने दोनच होते, लाभ आणि व्यय.
तिसरा शेऱ्याचा, बोटभर रुंद,
तिथे आम्ही सहसा 'निरंक' लिहितो.

लाभाचा रकाना एका बैठकीत भरला.
बंधारा झाला, पाणी उपसलं,
तर एकोणीस गावं उन्हाळ्यातही धान लावतील.
हे मला कागदावरून कळलेलं नाही.
माझी बहीण रत्नकला जुन्या कालव्याच्या टोकाला नांदते.
दुसरं पीक हाती आलं त्या वर्षी तिच्या घराला स्लॅब झाला,
पोरगी नर्सिंगला नागपूरला गेली,
आणि मोहफुलांसाठी पहाटे तीनला उठणं सुटलं तिचं.
ती झोप मी कुठल्याच रकान्यात धरली नव्हती.

व्ययासाठी पात्रात उतरलो.
एप्रिल. वैनगंगा एका कडेला सरकून बसलेली,
बाकी सगळी वाळू, वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या.
वेलाच्या बुडाशी हात घातला की कोपरापाशी ओल.
बंधाऱ्याचं पाणी इथवर तुंबणार.

"किती वेल?"
"तीनशे असन," रायवंता नान्हे म्हणाली.
"वेलाला फळं?"
"कोल्ह्यानं ठेवली तेवढी."
"जमीन कोणाच्या नावावर?"
ती हसली. "पाण्याच्या.
पूर येते, सारं पुसून जाते.
दिवारी झाली का आमी दोरी टाकून पुन्हा वाटतो."

मी लिहिलं : अतिक्रमण.
खोडलं.
मग शेऱ्यात, मुंगीच्या अक्षरात :
दरसाल दोरीने वाटप, तंटा नाही.
मध्यरात्रीनंतर वाळू गार, माणसं वाडीतच निजतात.
टिटवीने अंडी घातली असतील तिथून वेल वळवून नेतात.

बोरकुटे साहेबांनी दोनदा वाचलं.
माणूस वाईट नाही.
चष्मा पुसत म्हणाले,
"खरं आहे रे. पण ह्याचं एकक काय?"
मी उभाच राहिलो.
टेबलावरचा पंखा कागद उचलत होता, ठेवत होता.
साहेबांनी त्या तीन ओळींना कंस घातला,
पेनने नाही, पेन्सिलीने.

गुणोत्तर एक पूर्णांक चार आलं.
एकाच्या वर गेलं की पुढे पाठवायचं असतं.

निघताना रायवंताने एक डांगर दिलं होतं, पैसे घेतले नाहीत.
घरी काट्यावर ठेवलं, साडेतीन किलो.
कापलं तेव्हा कुकरमध्ये
रत्नकलाकडचा उन्हाळी तांदूळ शिजत होता.
मी दोन्ही जेवलो.
दोन्ही गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

बिया धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या,
ट्रेसिंग कागदाच्या पुडीत बांधून
वर गाव आणि तारीख घातली. संख्या घातली नाही.
पुडी त्याच फायलीत आहे,
फितीखाली जराशी फुगलेली,
त्यामुळे कपाटात ती फाईल
इतर फायलींना चिकटून बसत नाही.