पिवळं मीठ

सुरुवात भांडणापासून करावी लागेल.

पायसांदूत, बाल्तासारच्या दुकानात,
बाबांनी खडेमिठाची पिशवी काउंटरवर उपडी केली.
"जुना माल खपवतोस. बघ, पिवळं पडलंय."
बाल्तासारनं चार खडे तळहातावर घेतले,
उजेडाकडे धरले, मग माझ्याकडे पाहिलं
आणि मुकाट्यानं दुसरी पिशवी दिली.
तीही पिवळीच निघाली.

मीठ पांढरंशुभ्र होतं.
पिवळी पडली होती ती
बाबांच्या डोळ्यांतली भिंगं.

चाळीस वर्षं त्यांनी नदीकाठी बरगड्या भाजल्या,
लग्नांत, बाप्तिस्म्यांत, निवडणूक हरलेल्यांच्या जेवणावळींतसुद्धा.
एस्पिनिशोचं लाकूड, निखारे फावड्यानं सारायचे,
आणि कडेचा तो करपट, कुरकुरीत तुकडा
कुणाला न देता उभ्या उभ्या खायचा.
ती त्यांची मजुरी, असं म्हणायचे.
आता चिमटा धरताना बोटं मिटत नाहीत.

मी मोंतेविदेओच्या दवाखान्यात
एका यंत्रापाशी बसते. बुटांच्या खोक्याएवढं यंत्र.
लोक त्यावर उघडा हात ठेवतात,
खालून प्रकाश पडतो,
आणि कातडी आतून जितकी मुरलेली
तितकी उजळून उत्तर देते.
मी आकडा लिहून घेते.

बाबांचा हात ठेवला तेव्हा
आकडा मी दोनदा तपासला.

"काय निघालं?"
सांगितलं: साखर प्रथिनाला बिलगते,
आधी सैल, मग घट्ट, मग सोडवता येत नाही.
पावाचं कवच ज्यानं तांबूस होतं, तेच हे.
भट्टीत वीस मिनिटं लागतात.
आपल्यात सावकाश होतं,
नसांत, सांध्यांत, डोळ्यांच्या भिंगात.
शिवाय ताटातल्या खरपूसपणातलं थोडं
आत जाऊन राहतं. किती, यावर
आमच्यात अजून वाद आहेत.

"आच किती म्हणालीस?"
"सदतीस अंश."
"आणि वेळ?"
"एकाहत्तर वर्षं."
ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून नर्स डोकावली.
"मंद आच, घाई नाही!
पोरांना मी दुसरं काय शिकवलं?"

घरी आईनं मोठं पातेलं काढलं.
नळीचं हाड, भोपळा, मक्याचे तुकडे, रताळी,
पाण्यात सगळं निवांत शिजणारं.
पाण्याला शंभराच्या वर जाता येत नाही,
म्हणून त्यात काही तांबूस होत नाही.
बाबा त्याला इस्पितळाचं जेवण म्हणत,
आणि दोनदा वाढून घेत.

भाजायचंच असेल, मी म्हटलं,
तर आधी तासभर लिंबात ठेवा.
"मग रंग कसा येईल?"
"कमीच येईल. त्यासाठीच ठेवायचं."
त्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
रंग हाच त्यांचा धंदा होता.

मार्चमध्ये उजवा डोळा झाला.
पट्टी निघाल्यावर त्यांनी आरसा मागितला नाही,
मीठ मागितलं.
तळहातावर घेऊन बसले,
डावा डोळा मिटून, मग उजवा मिटून,
एकदा पिवळं, एकदा पांढरं,
लहान पोराला नवा खेळ सापडावा तसे.

मग आईकडे वळले.
वर्षानुवर्षं साय धरल्यासारखा दिसणारा तिचा चेहरा
अचानक रेघ न् रेघ समोर.
"निल्दा, हे सगळं कधी झालं?"
आई वाटाणे सोलत होती.
"तुझ्याबरोबरच," म्हणाली. "त्याच आचेवर."

रविवारी निखारे पेटतातच.
एकच तुकडा, लिंबातला, फिकट.
करपलेली कड ते सुरीनं कापतात,
हातात धरून वास घेतात,
आणि कुत्र्याला टाकतात.
कुत्रा चौदा वर्षांचा आहे, मोतीबिंदू झालेला.
त्याला मी काही सांगत नाही.

बाल्तासारची माफी त्यांनी मागितली नाही.
फक्त गेले, आणि घरी दोन पिशव्या पडून असताना
तिसरी घेऊन आले.