पाव सेकंद

घणसोली गावठाण, रात्रीचे साडेदहा.
गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रेंज बरी लागते,
तिथं मी बेंजो मांडीवर घेऊन बसतो.
फोन विटेला टेकवलेला,
फोनात चार घरं.

दयानंद उलव्याच्या नव्या फ्लॅटमध्ये,
कॅसिओ हेडफोनात कोंडलेला, बाळ नुकतंच झोपलंय.
ऐरोलीतून निर्मला म्हात्रे,
हात पदराला पुसत : "मिनिटभर थांबा."
दिवाळ्याचे काशिनाथकाका, ज्यांचं फक्त कपाळ दिसतं.
आणि हरेश्वर, जामनगरला.
रिफायनरीचं शटडाउन, एका खोलीत सहा जण,
ढोलकीला टॉवेल गुंडाळलेला.

सरावाची शेड रस्त्यात गेली.
मग समाजमंदिरात बसायचो,
तर समोरच्या टॉवरच्या सोळाव्या मजल्यानं पोलिसांना फोन केला.
हवालदार आमच्यातलाच, लाजत आला,
एक गाणं ऐकून गेला.
तेव्हापासून हे असं.

एक, दोन, तीन,
मी तार छेडतो.
हरेश्वरचा ठोका येतो पाव सेकंद उशिरा.
मी त्याच्यासाठी थांबतो.
मी थांबलो म्हणून तो थांबतो.
निर्मला दोघांच्या मधे कुठंतरी
श्वास धरून उभी.
असं एकमेकांना सांभाळता सांभाळता
हळदीचं उडतं गाणं
मयताला निघाल्यासारखं चालू लागतं.

"तूच मंगारी ऱ्हातस."
"मी नाय, तू!"
आम्ही दोघंही खरं बोलतो.

लहानपणी मिठागराच्या बांधावर मी डबा घेऊन बसायचो.
बाबा पार पलीकडे, उघाडीपाशी, खुंट ठोकायचे.
घण खाली आलेला दिसायचा, पण आवाज नाही.
घण पुन्हा वर निघाला की मग, ठक्.
मला वाटायचं, बाबा दोन आहेत :
एक दिसणारे, एक ऐकू येणारे,
आणि दुसरे नेहमी
पहिल्यांच्या मागं धावत असतात.
आता तिथं सेक्टर आहे, नंबर विसरलो.

काकांनी तोडगा काढला :
"एकानं बहिरं व्हायचं."
बहिरा मी झालो. सगळ्यांचे आवाज बंद केले.
मी वाजवायचं नुसतं स्वतःच्या मोजणीवर,
बाकीच्यांनी माझ्यावर चढायचं.
पहिल्या रात्री हात कापले.
तारेखेरीज काही नाही,
टाकीत पाणी पडण्याचा आवाज तेवढा.
फोनात निर्मलाचं तोंड उघडतं, मिटतं,
काकांचं कपाळ हलतं भलत्याच लयीत.
मी एकटा वाजवत होतो,
आणि माझ्याखेरीज सगळ्यांकडे, म्हणे,
गाणं झकास चाललेलं.

पण हरेश्वर जिद्दीचा.
मला ऐकू येतानाच तो वेळेवर हवा होता.
सोळा रात्री तो हाताला शिकवत राहिला :
माझी तार वाजायच्या आधीच मारायचं,
नसलेल्या सुरावर,
येईलच म्हणून.
सतराव्या रात्री मी आवाज पुन्हा चालू केला
आणि तो तिथं होता. नेमका.
माझ्या अंगावर काटा आला, मी सांगितलं नाही.

शनिवारी तो गावी आला, तापानं फणफणलेला.
रविवारी गोठिवलीला हळद.
मांडवात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो,
टॉवेल नाही, विट नाही.
एक, दोन, तीन,
माझं बोट तारेवर यायच्या आत
ढोलकी वाजली.
पुन्हा. पुन्हा पाव सेकंद आधी.
निर्मलानं माझ्याकडं पाहिलं.
नवरीच्या मावश्या नाचायला लागल्या होत्या,
त्यांना काय त्याचं!
हरेश्वर दात आवळून हात मागं ओढायचा,
हात ऐकायचा नाही,
तो अजून जामनगरलाच होता.

तीन गाणी गेली.
चौथ्यात कधीतरी, कुठल्या कडव्यात ते कुणी सांगू शकणार नाही,
ठोका आणि तार एका जागी पडली.
मी मान वर केली.
हरेश्वर आपल्या पंजाकडं बघत होता,
गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं तसा.

कॅसिओवर ठेवलेला दयानंदचा फोन
केव्हाचा थरथरत होता. बाळ उठलं असणार.