पान एक्केचाळीस

टेम्पो अजून मालेगावच्या पलीकडे असेल,
त्यात तीन पडदे, एक ऑर्गन,
गाद्यांत गुंडाळलेले दोन तंबोरे.
पण अमळनेरात सकाळपासून
कुणाचं कशात लक्ष नाही.

नवं संगीत नाटक. तीन प्रयोग आधी इथे,
मग पुणं.
"म्हंजे आपल्यावर करून बघणार," सुकलाल म्हणाला,
"डॉक्टर हातावर थेंबभर टोचून बघतो तसं."
ह्यात मान आहे की अपमान
ह्यावर टपरीपाशी दीड तास गेला.

मला मानच वाटतो.
पुण्याला मिळेल ती वाळलेली, रंग दिलेली भिंत.
आमच्या वाट्याला ओली,
जिच्यावर बोट ठेवलं तर ठसा राहतो.

ठसा म्हणजे काय ते वेडू आप्पांना विचारा.
एकोणीस वर्षांपूर्वी असंच एक नाटक इथे पहिल्यांदा लागलं.
दुसऱ्या अंकात नायिकेच्या पदाला पाच अंतरे,
चौथ्याला आप्पा घोरले.
तिसरी रांग, मधली खुर्ची,
दिवसभर जिनिंगवर कापूस तोलून आलेला माणूस.
दुसऱ्या रात्री पदाला तीनच अंतरे उरले.
पुढे कित्येक वर्षं आप्पा मिशीवरून बोट फिरवत सांगायचे,
"माझ्या एका डुलकीनं दोन अंतरे गेले, भो!"
मग कधीतरी सांगेनासे झाले.
परवा दुकानात आले, आवाज उतरवून म्हणाले,
"चौथ्यात ती काय म्हनत होती रे?
आते कोनले माहीत व्हई?"

आठ दिवस झाले, आप्पा दुपारचे चार-चार तास झोपतात.
झोपेचे हप्ते आगाऊ भरतात.

माझं दुकान नाट्यगृहासमोर.
झेरॉक्स, लॅमिनेशन, निकालाच्या हंगामात दाखले.
तिकिटांचा प्लॅन माझ्याच काचेवर पालथा पडतो,
म्हणून खुर्च्या मला स्वभावानिशी पाठ.
फ-नऊची स्प्रिंग टोचते.
ड-सतराला खांब आडवा येतो,
नायकाचा फक्त डावा हात दिसतो.
विमल बोरसे बाई तरी तीच मागतात,
तिथून पेटीवाल्याची बोटं दिसतात.

वैशाख आहे. छताला चौदा पंखे,
प्रत्येकाचा षड्ज वेगळा.
लावले तर आलाप बुडणार, नाही लावले तर आम्ही.
बहुमताने ठरलं: बंद.
रुमाल दोन आणा.

काल त्यांचा व्यवस्थापक पुढे आला, घामाघूम,
हातात संहितेचं एकच पान, एक्केचाळीस.
"अकरा प्रती."
मी लोकांचे कागद वाचत नाही.
मृत्युपत्रं, काडीमोड, सातबारे,
सगळं न बघता उलटं घातलंय या काचेवर.
पण दिवा पानाखालून सरकला
आणि कोपऱ्यातली निळ्या पेनाची ओळ डोळ्यांत शिरलीच:

'इथे ती गात नाही. नुसती पेटी.
किती वेळ, ते प्रयोगात ठरेल.'

तेव्हापासून सगळे माझ्याभोवती.
"काय व्हतं पानवर?"
"हीरो मरस का?"
मी म्हणतो, शाई फिकी होती.

आप्पांना तिसऱ्या रांगेतली मधलीच खुर्ची हवी होती.
मिळवून दिली.
त्यांचा हात तिकिटासकट हातात धरून
काहीतरी बोलणार होतो,
मग सुटे पैसे परत केले.

रात्री अकराला टेम्पो चौकात वळला.
हमालांना वाट दाखवायला सातआठजण उगाच धावले,
आप्पाही, पायात एकच चप्पल.
ऑर्गन उतरवताना कुणाची तरी कोपर पट्ट्यांवर पडली,
भात्यात प्रवासभर उरलेली हवा
एकाच जाड, बेसूर स्वरात बाहेर आली.

सुकलालचा हात तंबाखू मळता मळता थांबला.
बोलायला कुणी तोंड उघडलं नाही.

किती वेळ, ते मोजलं नाही.