दोन सळ्या, एक वीट

झोंबात नोव्हेंबर म्हणजे आंबे,
आणि आंबे म्हणजे मांडीची हाडं.
नवे लोक हसतात. मी हसत नाही,
एकोणीस नोव्हेंबर मी याच वॉर्डात काढलेत.

या खेपेला एकाच झाडाचे दोघं.
लिंबानी, वय आठ, शेंड्याजवळून.
एस्नार्त, वय सहा. ती चढलीच नव्हती;
आंबे झेलायला कापड पसरून खाली उभी होती,
आणि वरून आला लिंबानी.
दोघांचंही उजवं. दोघांचंही मधोमध.

पेटीत लवचिक सळ्यांची एकच जोडी.
पुढचं खोकं लिलाँग्वेहून निघालंय.
निघालंय, हा शब्द आमच्याकडे फार लांबून
पायी येतो.

काफुका बाईंनी दोन्ही चित्रं खिडकीशी धरली.
बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या,
थोरल्याला सळ्या. सहाचं हाड कळ काढतं.
बरोबरच होतं ते.
एस्नार्तच्या आईला सांगायचं काम माझं.
"मुलगा म्हणून?" तिनं विचारलं.
मी वय सांगितलं, वजन सांगितलं.
ती माझ्या चपलांकडे बघत ऐकत राहिली.

गुडघ्याच्या वर, दोन्ही अंगांना, बोटाच्या पेराएवढी चीर.
त्याच्याही खाली ती रेघ, जिथून हाड वाढतं,
तिला टोकसुद्धा लागू द्यायचं नाही.
बाईंनी सळीला हातानंच बाक दिला, धनुकलीसारखा.
एक आतून, एक बाहेरून,
पोकळीतून वर, वर,
तुटल्या जागी अडखळून
पलीकडच्या काठात शिरल्या,
आणि अरुंद दारात अडकलेल्या दोन भावांसारख्या
एकमेकींना रेटत राहिल्या.
"जरा हलू दे," बाई मास्कमधून म्हणाल्या,
"ठार आवळलं की हाड आळशी होतं."

मी तिकडे एस्नार्तच्या पायाला पट्टी चिकटवली,
दोरी कप्पीवरून घेतली, टोकाला वीट.
स्वयंपाकघरातल्या तराजूवर जोखून,
कोपरा फोडून, बरोबर दोन किलो.
सहा आठवडे.

तिनं खडूनं विटेला डोळे काढले.
नाव दिलं म्फुमु, म्हणजे गावचा मुखिया.
का, तर काही करत नाही, नुसता लटकतो,
आणि सगळे त्याला सांभाळून चालतात.

पाचव्या दिवशी लिंबानी कुबड्यांवर तिच्या खाटेपाशी.
बोलला नाही. तीही नाही.
तिच्या आईनं पाठ फिरवली, मग वळून
त्याला बसायला बादली पालथी घातली.

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला दोन्ही चित्रं पुन्हा खिडकीशी.
तुटल्या जागेभोवती पांढरट गोळा,
फांदीवर कुंभारीण माशीनं लिंपलेल्या घरासारखा.
त्याचा जरा लहान. तिचा चांगलाच मोठा,
हाडाची टोकं थोडी एकमेकांवर चढलेली.
मी तशीच ठेवली होती, मुद्दाम:
मोडलेला पाय पुढं हट्टानं वाढतो,
सरळ जोडला तर दुसऱ्याच्या पुढं जातो.
हे मी तिच्या आईला सांगितलं.
या वेळी तिनं तोंडाकडे बघितलं.

जाताना एस्नार्तनं म्फुमु मागितला.
सरकारी मालमत्ता.
मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

दुपारी ट्रक आला. त्यात साबण होता.
त्याच्या मागून एका बापाच्या सायकलवर
पाचाची पोर, मांडी फळीला बांधलेली.
मी मागच्या अंगणात गेलो,
एक वीट उचलली,
आणि कोपरा फोडायला दगड शोधू लागलो.